येण्याचे कारण

खरोशाच्या लेण्यापाशी माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली तांबड्या दगडाची कपची.
टेबलावर वही. नाव, गाव, येण्याचे कारण, सही.

औशाहून येतात, निलंग्याहून येतात,
एकदा कुणी थेट पुण्याहून,
आणि कारणाच्या रकान्यात
वरच्या माणसाचं कारण उतरवतात.
वरच्याने त्याच्या वरच्याचं.
असं मागं मागं गेलं तर
पहिल्या पानावर कुणी बब्रुवान सोमवंशी,
त्याने लिहिलंय ‘पर्यटन’.
त्याला तो शब्द कुणी सांगितला, कोण जाणे.
बहुतेक मीच.

बोर्ड लागायच्या आधी इथं पर्यटक नव्हता.
पावणा होता.
पावण्याला आधी तांब्या द्यायचा,
मग विचारायचं, कुण्या गावचं,
मग कुणाच्या घरचं,
मग मुरुडचे देशमाने मास्तर तुम्हाला काय लागतात,
आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला तो
आपल्या सोयऱ्यातला निघायचा.
नाही निघाला तर काढायचा.
पर्यटकाला दुसरा प्रश्न नसतो.
त्याचं गाव रकान्यात मावतं.

देवीला येणारे टेबलापाशी थांबत नाहीत.
चपला तेवढ्या माझ्या भरवशावर टाकून जातात.
त्यांना काही बघायचं नसतं,
देवीला दिसायचं असतं.
दिसले की उतरतात,
कुणी मान वळवून लेण्यात डोकावतही नाही.
पर्यटक मात्र आधीच बघून आलेला.
टेकडी फोटोतल्यासारखी आहे का, एवढंच ताडून घेतो.
एकजण मला म्हणाला, फोटोत दगड जास्त लाल होता.
मी म्हणालो, ऊन उतरल्यावर या.
जसं काही ऊन माझ्या खिशात.

मग त्यांना मीही हवा असतो, कोपऱ्यात, दगडाला शोभेलसा.
काका, जरा तिकडं बघा ना.
आमच्याकडं नको, तिकडं.
मी तिकडं बघतो.
तिकडं एक बाभळ, मोबाईलचा टॉवर,
आणि हणमंताचं सोयाबीन.
चार वर्षं झाली.
आता जेवतानासुद्धा मान तिकडंच जाते,
बायको म्हणते, ताटात बघा.

गेल्या माघात खात्याने आम्हा अकरा चौकीदारांना
प्रशिक्षणासाठी वेरूळला नेलं.
टोप्या दिल्या, पाण्याची बाटली दिली.
गाईड छत्री वर धरून पुढं, आम्ही मागं,
मेंढरं चालावीत तसे.
केवढं कोरलंय, केवढं,
वर बघून बघून मानेला कळ लागली,
तेव्हा खाली बघितलं.
खांबाच्या सावलीला एक चौकीदार
वर्तमानपत्रावर भाकर घेऊन बसलेला,
आमच्याकडं पाठ करून.
बाजूला मिरचीचा ठेचा, स्टीलची डबी.
का ते सांगता येत नाही,
हात खिशात गेला, मोबाईल निघाला.
मी म्हणालो, काका, जरा...
पुढचं मी बोललोच नाही.
घास हातात तसाच धरून
तो तिकडं बघायला लागला.

त्याला कुण्या गावचं विचारायचं राहिलं.
छत्री बरीच पुढं गेली होती.

परत आल्यावर वही उघडली.
त्या दिवशी सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं.
माझं नाव लिहिलं. गाव लिहिलं.
कारणापाशी सवयीने वर बघितलं,
पर्यटन, पर्यटन, पर्यटन, एक ठिकाणी नुसत्या रेघा,
खाली थेंब सांडून पसरलेली शाई.
पेन बराच वेळ कागदाला टेकवून धरला.
मग रकाना तसाच सोडला, पुढं सही केली.

दुपारी कॉलेजची एक पोरगी आली.
तिने वर बघितलं
आणि तिचाही रकाना कोरा ठेवला.

मी तांब्या पुढं केला.
म्हणालो, बाळा, कुण्या गावची?
ती म्हणाली,
लिहिलंय की तिथं.